किक घेण्याआधी तिघांनी कुठे बघायचं? रेफ्रींनो, या चुका टाळा

खेळ पळता असताना पंचांना बसणाऱ्या शिव्या मी फारशा मनावर घेत नाही. क्षणात निर्णय द्यायचा असतो, चुकतो कधी. पण चेंडू जागेवर ठेवलाय, सगळे थांबलेत, विचार करायला भरपूर वेळ मिळालाय आणि तरीही रेफ्री आणि त्याचा झेंडेवाला सहायक दोघंही एकाच माणसाकडे टक लावून उभे असतील, तर त्या शिव्या कमावलेल्या असतात. जिल्हा पातळीवरच्या फुटबॉल सामन्यांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

आपल्याकडे व्हिडिओ रेफ्री नसतो, कानात यंत्र नसतं. तीन माणसं, दोन झेंडे, एक शिट्टी. त्यामुळे पेनल्टी, फ्री किक, कॉर्नर, गोल किक या प्रत्येक वेळी कोणी काय बघायचं हे आधी वाटून घ्यावंच लागतं.

सगळ्यात महागात पडते ती पेनल्टीची चूक. रेफ्रीने ठिपक्याकडे बोट दाखवलं की खेळाडूंचा गराडा पडतो, आणि आमचे सहायक महाशय ऑफसाइड (आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे गेलाय का) बघत होते तिथेच टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर, खिळून राहतात. त्यांची जागा पुस्तकात स्पष्ट दिलीय: गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळते तो कोपरा. म्हणजे टचलाइन सोडून आत यायचं. तिथून फक्त दोन गोष्टी बघायच्या. किक बसायच्या आधी गोलरक्षकाने रेषा सोडली का, आणि चेंडू पूर्णपणे गोलरेषेपार गेला का. किक मारणाऱ्याने शेवटच्या क्षणी थांबून फसवलं का, मागून कोण आत घुसलं, रिबाउंडवर कोणी कोणाला ढकललं, हे सगळं रेफ्रीचं. त्याने सहायकाच्या विरुद्ध बाजूला, ठिपक्याच्या आसपास कडेला उभं राहायचं, म्हणजे किकर आणि मागची गर्दी दोन्ही नजरेत राहतात.

एका तालुक्याच्या गावी स्पर्धेचा उपांत्य सामना होता. मी चौथा पंच, टेबलाजवळ. १-१ बरोबरी, शेवटची काही मिनिटं, आणि पेनल्टी. रेफ्री तरुण, पळायला घोडा. तो किकरच्या थेट मागे, अर्धवर्तुळावर जाऊन उभा राहिला, कारण ‘तिथून सगळं दिसतं’. सहायक टचलाइनवरच, पेनल्टी क्षेत्राच्या १६.५ मीटरच्या रेषेच्या समोर. किक बसली, चेंडू क्रॉसबारच्या खालच्या अंगाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. गोलरक्षकाने झडप घालून पोटाशी धरला. रेफ्रीने सहायकाकडे पाहिलं. सहायकाने रेफ्रीकडे पाहिलं. तेवढ्यात बाहेरून ‘गोल, गोल’ असा गलका झाला आणि रेफ्रीने मधल्या वर्तुळाकडे हात केला, म्हणजे गोल दिला.

पुढे जे झालं त्याला पंचनामाच म्हणावं लागेल. मातीचं मैदान, फक्की पुसलेली, आणि गोलपुढे चेंडूच्या दोन खुणा. एक रेषेच्या आत, एक बाहेर. दोन्ही संघ आपापल्या खुणेभोवती कडं करून उभे. शेवटी आयोजकांपैकी एका वडीलधाऱ्यांनी माइकवरून ‘पंचांचा निर्णय अंतिम’ असं जाहीर केलं, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. सामन्यानंतर मी दोघांना वेगवेगळं विचारलं, तुम्ही बघत काय होता? सहायक म्हणाला, किकर थांबतोय का ते बघत होतो. रेफ्री म्हणाला, गोलकीपर पुढे येतोय का ते बघत होतो. दोघंही एकमेकांचं काम मन लावून करत होते, गोलरेषा तेवढी बेवारस राहिली.

यावर माझा उपाय अगदी बाळबोध आहे. नाणेफेकीच्या आधी मी दोन्ही सहायकांना पेनल्टी क्षेत्रात नेतो आणि त्या कोपऱ्यावर प्रत्यक्ष उभं करतो. ‘मला माहितीय सर’ म्हणणाऱ्याला तर नक्कीच.

बरोबरी फोडायला दोन्ही संघ पेनल्टी मारतात त्या शूटआउटला ही जागा बदलते, आणि निम्म्या लोकांना ते ठाऊकच नसतं. तिथे एका सहायकाने गोलरेषा आणि ५.५ मीटरचा गोल एरिया (गोलपुढचा छोटा चौकोन) जिथे मिळतो तिथे यायचं, दुसऱ्याने मधल्या वर्तुळात खेळाडूंवर लक्ष ठेवायचं. दोघंही गोलजवळ गोळा झाले, की मधल्या वर्तुळात कोण पाणी प्यायला बाहेर गेलं आणि कोणाची किक झाली, याचा पत्ता कोणालाच नसतो.

गोलरक्षकाबाबत आणखी एक. २०१९ पासून किकच्या क्षणी त्याच्या एका पायाचा थोडा भाग जरी रेषेवर किंवा रेषेच्या सरळीत असला तरी पुरतं. तो जरा हलला की झेंडा फडकवणारे उत्साही सहायक मी पाहिलेत. गोलरक्षक पुढे आला आणि किक गोलच्या बाहेर गेली, तर ती पुन्हा घ्यायची नसते, त्याच्या पुढे येण्याने किकरवर उघड परिणाम झाला असेल तरच घ्यायची. त्याने चेंडू अडवला असेल तर मात्र पुन्हा. मागून आत शिरणाऱ्या खेळाडूंनाही २०२४-२५ च्या नियमांपासून हाच न्याय आहे: परिणाम झाला तर शिक्षा. जुनी पुस्तिका पाठ करून आलेल्यांनी हे वाचून घ्यावं.

आता भिंत, म्हणजे फ्री किकपुढे ओळीने उभे राहणारे बचावपटू. फ्री किक दिली की नवा रेफ्री चेंडूकडे पाठ करतो आणि ऐटीत दहा पावलं टाकत भिंतीकडे निघतो. तो वळेपर्यंत चेंडू दीड मीटर पुढे सरकलेला असतो, किंवा किक घेऊनही झालेली असते. पावलं मोजायचीच कशाला? ९.१५ मीटर म्हणजे मधल्या वर्तुळाची त्रिज्या. सामन्याआधी मधल्या ठिपक्यावर उभं राहून त्या रेषेकडे दोन मिनिटं बघा, डोळ्यांत अंतर बसतं. मग तिरकं चालत जायचं, चेंडू आणि भिंत दोन्ही नजरेत ठेवून. भिंतीत तीन किंवा जास्त बचावपटू असतील तर आक्रमक खेळाडू किमान एक मीटर लांब, हेही तिथेच बघून घ्यायचं. सहायकाने या भानगडीत पडायचं नाही. त्याने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचं आणि थेट गोलवर किक आली तर कॉर्नरच्या झेंड्याकडे पळायची तयारी ठेवायची.

पण भिंतीच्याही आधीचा प्रश्न असतो: किक शिट्टीवर आहे की नाही? ३ मार्च २०२३ चा बेंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स यांचा आयएसएल (इंडियन सुपर लीग) प्लेऑफ आठवा. जादा वेळेत ब्लास्टर्स भिंत लावत असतानाच सुनील छेत्रीने झटकन फ्री किक घेऊन गोल केला. पंचांनी तो दिला, ब्लास्टर्स मैदान सोडून गेले, आणि पुढे त्यांना चार कोटींचा दंड झाला. झटपट फ्री किकला शिट्टी लागत नाही, हा नियमच आहे. मात्र रेफ्रीने मध्ये पडून भिंत मागे न्यायला घेतली, की शिट्टीशिवाय किक नाही, आणि हे किकरला तिथल्या तिथे कळायला हवं. मी शिट्टी हातात वर धरून दाखवतो आणि तोंडानेही सांगतो. ‘त्यांना समजतंच की’ हा शॉर्टकट छोट्या मैदानावर मारामारीपर्यंत जातो.

कॉर्नरला सहायकाची जागा कॉर्नरच्या झेंड्यामागे, गोलरेषेच्या सरळीत. चेंडू कॉर्नरच्या एक मीटरच्या चापात आहे का हे बघायचं, किकरच्या वाटेत यायचं नाही, आणि तिथून हलायची घाई करायची नाही. रेफ्रीने चेंडू जिथे पडेल तिथली ओढाताण बघायची. इथे सहायकाची खूण आणि रेफ्रीचे डोळे जुळले नाहीत तर काय होतं याचा नमुना इंग्लंडमध्ये आहे. २० सप्टेंबर २००८, वॉटफर्ड विरुद्ध रीडिंग. कॉर्नरनंतर चेंडू खांबाच्या बाहेरून गोलरेषेपार गेला होता. सहायकाने गोलची खूण केली, रेफ्रीने ती उचलली आणि चक्क गोल दिला गेला. सामना २-२ सुटला. व्यावसायिक पंच, चांगलं मैदान, पूर्ण जाळी, तरी ही गत. आपल्याकडे तर जाळीला भगदाडं असतात. म्हणून सामन्याआधी जाळी मी स्वतः हाताने ओढून बघतो. काही आयोजकांना ते आवडत नाही.

काही चुकांवर मात्र एकेक ओळ पुरे. कॉर्नरवरून थेट ऑफसाइड नसतो, पण पुढच्याच पासला असतो, तेव्हा चेंडू बाहेर निघताच सहायकाने पळत मागे यायचं. गोल किक पेनल्टी क्षेत्राबाहेर गेली पाहिजे, हा नियम २०१९ मध्ये गेला, त्यासाठी झेंडा वर करणं आता थांबवा. गोल किकला चेंडू जागेवर ठेवल्याची खात्री झाली की तिथेच रेंगाळू नका, ऑफसाइडच्या रेषेवर जा. इनडायरेक्ट फ्री किकला (जिच्यावर थेट गोल होत नाही) वर केलेला हात दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होईपर्यंत खाली आणू नका. निम्मे वाद तो हात लवकर खाली आल्याने होतात.

नेमलेले सहायक आलेच नाहीत, तर दोन्ही क्लबचे लाइनमन घ्यावे लागतात. त्यांना ऑफसाइड, गोलरेषा, गोलरक्षक असं काहीही देऊ नका. चेंडू बाहेर गेला की झेंडा वर, एवढंच. पेनल्टी झाली तर त्यांना तिथेच थांबायला सांगायचं आणि रेफ्रीने थोडं गोलरेषेकडे सरकून उभं राहायचं. मागून कोणी आत शिरलं तर ते निसटेल, ते चालेल. गोल झाला की नाही, हे निसटून चालणार नाही.