माहिती साक्षरतेचा ऑनलाइन कोर्स बनवताय? या चुका टाळा

माहिती साक्षरता म्हणजे हवी ती माहिती शोधणं, पारखणं आणि नीट वापरणं. ती शिकवणारा विद्यापीठ ग्रंथालयाचा ऑनलाइन कोर्स बहुधा ग्रंथालयाच्या ओळखीनेच सुरू होतो. वेळा, विभाग, डेटाबेसची लांबलचक यादी. दुसऱ्या मॉड्यूलपाशी विद्यार्थी गळू लागतात आणि खापर फुटतं त्यांच्या आळसावर. पण त्यांना डेटाबेस शिकायचाच नसतो, त्यांना असाइनमेंट द्यायचं असतं! म्हणून सुरुवात तिथूनच करा. 'सोशल मीडियाचे दुष्परिणाम' असा शोध घेतला की निकालांचा ढीग पडतो. कोणावर? किशोरवयीन मुलांवर. कशावर? झोपेवर. एवढे दोन प्रश्न विचारून तोच शोध पुन्हा करून दाखवा. कीवर्ड म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

२०१६ मध्ये एसीआरएलने (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आणि संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने) स्वीकारलेल्या माहिती साक्षरतेच्या फ्रेमवर्कमध्ये सहा संकल्पना आहेत, म्हणून सहा मॉड्यूल पाडायचे, हाही एक मोह. त्या संकल्पना म्हणजे अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांना काय जमायला हवं, ते आपणच ठरवायचं.

सगळ्यात महागात पडते ती चेकलिस्ट. लेखक कोण, तारीख कोणती, संदर्भ आहेत का? टिक, टिक, टिक. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा 'द लॅन्सेट'मधला १९९८ चा लेख घ्या. नामांकित नियतकालिक, डॉक्टर लेखक, खाली संदर्भसूची. चेकलिस्टमध्ये पैकीच्या पैकी. पण २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला, आणि हे कळतं ते लेख सोडून दुसऱ्या टॅबमध्ये त्याच्याविषयी शोधल्यावर. फॅक्ट-चेकर असंच करतात. कोर्समध्ये या टॅब बदलण्याचा सराव हवा, व्याख्या नको.

क्विझमध्ये सगळ्यांना पूर्ण गुण, संदर्भसूची मात्र जैसे थे? मग तुमची क्विझ पाठांतर तपासते आहे. त्याऐवजी शोधाची नोंद मागा: काय टाइप केलं, काय मिळालं, कोणता लेख का वगळला. तपासायला वेळ जातो, हे कबूल. वर्ग मोठा असेल तर प्रत्येकाकडून एकच नोंद घ्या.

एआयने रचलेले संदर्भ हा नवा ताप. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक, अगदी खरा दिसतो, पण उघडला की भलताच लेख निघतो किंवा काहीच उघडत नाही. संदर्भसूचीतला प्रत्येक डीओआय उघडून पाहायला लावा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण छळणाऱ्या गोष्टी: डेटाबेसचा चेहरामोहरा बदलला की व्हिडिओतले स्क्रीनशॉट शिळे होतात, त्यामुळे बटणांची माहिती वेगळ्या पानावर ठेवा. व्हिडिओला सबटायटल द्या.

आणि कोर्स खुला करण्याआधी एका विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर, त्याच्याच मोबाइलवर, लॉगिनपासून पहिला लेख मिळेपर्यंत सगळं करू द्या. तुम्ही शेजारी बसा, तो कुठे अडतो ते लिहून घ्या आणि कितीही जीभ वळवळली तरी मदत करू नका.