दुर्गम भागात मुलांची पोलिओ प्रतिकारशक्ती मोजताय? या चुका टाळा

सिरो-सर्व्हे म्हणजे किती मुलांच्या रक्तात पोलिओशी लढणारी प्रथिनं (अँटिबॉडी) आहेत, याची पाहणी. तिचा आकडा चांगला आला की मी आधी लॅबचा रिपोर्ट बघत नाही, घरांची यादी बघते. सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. यादी जुनी असते. कामासाठी हंगामापुरती आलेली कुटुंबं, नदीपलीकडची वस्ती, माळावरची पालं तिच्यात नसतातच. त्यात एखाद्या घराला कुलूप दिसलं की टीम शेजारचं मूल घेते आणि पुढे निघते. पण जे मूल आपल्याला सहज सापडलं, ते बहुधा डोस पाजणाऱ्यांनाही सापडलेलं असतं. कुणाच्याच हाती न लागलेलं मूल लशीतूनही सुटतं आणि मोजणीतूनही. निवडलेल्या घरी पुन्हा जा, वेगळ्या वेळी जा. तरीही नाहीच भेटलं तर तशीच नोंद करा, बदली मूल घेऊ नका. आरोग्य केंद्रात आलेल्या मुलांवरून सगळ्या भागाचा अंदाज बांधणं हीही त्याच जातीची चूक.

सीरम (रक्तातला पातळ द्रव) वेगळं काढून थंड ठेवणं अशा ठिकाणी कठीण, म्हणून गोल छापलेल्या फिल्टर पेपरच्या कार्डावर रक्ताचे ठिपके घेतात. स्पिरिट पूर्ण सुकू द्या, मगच टोचा. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका. पिळलं की ऊतींमधलं पाणी रक्तात उतरतं आणि अँटिबॉडी आहे त्यापेक्षा कमी दिसते. एका गोलात एकच मोठा थेंब, एकाच बाजूने, कागदाच्या मागेपर्यंत भिजेल असा. गोल भरला नाही म्हणून वर दुसरा थेंब टाकू नका. कार्ड आडवं ठेवून सावलीत किमान तीन-चार तास वाळवा, मग ओल शोषणाऱ्या पुडीसह पाकीटबंद करा. एकदा दिवसभराच्या पायपिटीनंतर आम्ही कार्डं उघडली, तर ओले ठिपके एकमेकांना चिकटलेले. त्या मुलांना आम्ही विनाकारण रडवलं, हे अजून मनाला लागतं.

आता निकालाकडे. ‘पोलिओची प्रतिकारशक्ती’ असा एकच आकडा कधीच देऊ नका. विषाणूचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचं संरक्षण वेगवेगळं असतं. एप्रिल २०१६ मध्ये जगभर तोंडावाटे द्यायच्या नियमित लशीतून टाइप २ काढला गेला. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला टाइप २ चं संरक्षण मुख्यतः इंजेक्शनच्या लशीतून मिळतं, किंवा उद्रेकाच्या वेळी खास मोहीम झाली असेल तर त्या डोसांतून. दुर्गम वस्तीत नेमकं इंजेक्शनच चुकतं, कारण थेंब दारात येतात आणि सुईसाठी बहुतेकदा केंद्र गाठावं लागतं. टाइप १ चा छान आकडा ही पोकळी झाकून टाकतो.

वयाचा गोंधळही नेहमीचा. जन्मानंतरचे काही महिने आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असतात, त्यामुळे एकही डोस न मिळालेलं तान्हं बाळही पॉझिटिव्ह दिसू शकतं. सहा महिन्यांच्या आतली मुलं घेतलीच तर त्यांचा हिशेब वेगळा मांडा. मोहीम संपल्या संपल्या नमुने घेऊ नका, अँटिबॉडी तयार व्हायला निदान चार आठवडे द्या. आणि १:८ किंवा त्याहून जास्त टायटर आला, म्हणजे सीरम आठ पट पातळ करूनही त्यातली अँटिबॉडी विषाणूला रोखते असं दिसलं, म्हणून ते मूल विषाणू पसरवणार नाही, असं लिहू नका. रक्तातली अँटिबॉडी लकव्यापासून वाचवते; आतड्यातलं संरक्षण ही चाचणी दाखवत नाही. फक्त इंजेक्शन मिळालेल्या मुलाच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू शकतो.