प्रथिनांवरचा प्रभार काढताना या चुका टाळा

प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लाची रचना काढायला सांगितली की बहुतेक जण एका टोकाला साधा अमिनो गट, दुसऱ्या टोकाला साधा कार्बॉक्सिल गट काढून मोकळे होतात. पाण्यात हे प्रभारहीन रूप कुठल्याच पीएचला वरचढ नसते. ग्लायसिनच बघा: कार्बॉक्सिलचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंतल्या गटाने प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) २.३४, अमिनो गटाचा ९.६०. पीएच ७ ला पहिल्याने प्रोटॉन केव्हाच सोडलेला असतो, दुसऱ्याने घट्ट धरलेला असतो. बेरीज शून्य येते, पण रेणूवर धन आणि ऋण दोन्ही प्रभार असतातच.

पीएच पीकेएपेक्षा कमी असेल तर गट प्रोटॉन धरून ठेवतो, इथपर्यंत सगळे बरोबर लिहितात. पुढे 'म्हणून तो धन' असे ठोकून देतात, तिथे गाडी घसरते. प्रोटॉन धरलेला अमिनो गट धन असतो. कार्बॉक्सिल गट मात्र शून्य असतो आणि प्रोटॉन सोडल्यावर ऋण होतो. सिस्टेइन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांच्या बाजूसाखळ्याही (प्रत्येक अमिनो आम्लाचा स्वतःचा वेगळा भाग) कार्बॉक्सिलच्याच पंक्तीतल्या.

शिवाय पीकेए ओलांडला की सगळे रेणू एकदम बदलतात, असेही नाही. पीएच पीकेएइतका असताना निम्मे रेणू प्रोटॉनसह असतात, एका अंकाने पुढे गेल्यावर प्रोटॉन सोडलेल्या दहांमागे प्रोटॉनसह एक हे प्रमाण येते. हिस्टिडिनचा पीकेए ६.० धरला, तर पीएच ७.४ लाही सुमारे ४ टक्के बाजूसाखळ्या धन असतात.

पेप्टाइडमध्ये, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीत, प्रत्येक अमिनो आम्लाची दोन्ही टोके मोजू नका. ती पेप्टाइड बंधात खर्ची पडली. अलानिन-ग्लुटामेट-लायसिन या साखळीत उरतात फक्त चार गट: दोन टोके, दोन बाजूसाखळ्या. पीएच ७ ला निव्वळ प्रभार जवळपास शून्य.

समविभव बिंदू (आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला निव्वळ प्रभार शून्य होतो तो) काढताना दोन टोके आणि बाजूसाखळी अशा तिन्ही पीकेएंची सरासरी घेणे ही परीक्षेतली हमखास चूक. शून्य प्रभाराच्या रूपाला लागून असलेले दोनच पीकेए घ्यायचे. लायसिनसाठी ८.९५ आणि १०.५३, म्हणजे ९.७४. तिन्हींची सरासरी ७.२२ येते, ती निरर्थक.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तक्त्यातले आकडे प्रथिनाला जसेच्या तसे लावणे. ते सुट्या अमिनो आम्लांचे असतात. घडी पडलेल्या प्रथिनात शेजार बदलतो: पाण्यापासून दूर, तेलकट भागात प्रभार बाळगणे अवघड जाते, म्हणून कार्बॉक्सिलचा पीकेए चढतो. लायसोझाइम या विकरातल्या (एन्झाइममधल्या) ३५ व्या ग्लुटामिक आम्लाचा पीकेए ४.२५ नव्हे, ६ च्या आसपास असतो. त्यामुळेच ते उत्प्रेरणात प्रोटॉन देऊ शकते. शेजारी ऋण गट असला तर हिस्टिडिनचाही पीकेए वाढतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतले १४६ वे हिस्टिडिन ऑक्सिजन सुटलेल्या रूपात ९४ व्या अस्पार्टेटजवळ येते आणि प्रोटॉन पकडते. आम्ल वाढलेल्या ऊतींत हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडते, त्याला हेही एक कारण.

प्रयोगात प्रथिनाचा साका खाली बसत असेल तर आधी बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) पीएच समविभव बिंदूशी ताडून पाहा. तिथे रेणूंमधले विकर्षण कमी होऊन ते गोळा होतात. पीएच निदान एका अंकाने सरकवा. आणि ट्रिस हा बफर वापरत असाल तर तापमान विसरू नका: २५ अंश सेल्सियसला ८.० असलेला पीएच ४ अंशांना ८.६ च्या घरात जातो. ज्या तापमानाला प्रयोग करायचा, त्याच तापमानाला तो जुळवा.