शूप्लाटलर: दादऱ्याची सवय असलेल्यांसाठी पहिला धडा

बव्हेरिया आणि टिरोलच्या डोंगराळ भागातला हा नाच मांड्या आणि बुटांचे तळ तळहाताने वाजवत करायचा. साथीला लेंडलर: तीन मात्रांचं, वॉल्ट्झपेक्षा संथ संगीत. ॲकॉर्डियन, झिदर हे तंतुवाद्य आणि काड्यांनी वाजवायचं हाकब्रेट ही त्यातली वाद्यं. हाकब्रेट ऐकलं की संतूर आठवतंच.

तीन मात्रा कानावर पडल्या की आपण मनात सहा मात्रांचा दादरा ताल धरतो, आणि चौथ्या मात्रेला, म्हणजे ‘खाली’ या हलक्या मात्रेला, हात आपोआप हलका पडतो. लेंडलरला ‘खाली’ नाही. एक आणि चार सारख्याच वजनाच्या. तबल्याचं ॲप बंद करा. मेट्रोनोम तीन मात्रांवर लावा, गती मिनिटाला ८० ठोके.

आता सहा मात्रांचा सराव (ही पारंपरिक रचना नव्हे, हात बसवण्यासाठी आहे). एक, उजवा हात उजव्या मांडीवर. दोन, डावा डावीवर. तीन, पुन्हा उजवा. चार, पुन्हा डावा. पाचव्या मात्रेला डावा पाय वाकवून गुडघा बाहेर, पाऊल आत उचला आणि उजव्या तळहाताने बुटाच्या तळावर मारा. सहाव्याला तोच पाय जमिनीवर आपटा. पुढची फेरी डाव्या हाताने सुरू होते आणि सगळं उलट होतं.

पहिल्या फेरीत चौथी मात्रा हमखास मिळमिळीत वाजते: ‘खाली’ची सवय, त्यात भर डाव्या हाताची. तिथे मुद्दाम जोर द्या. पाचवी चुकते ती वाकल्यामुळे. हात पायाकडे नेलात की कंबर भरून येते आणि सहावी उशिरा पडते. पायच हाताकडे यायला हवा. त्यासाठी चौथ्या मात्रेपर्यंत सगळं वजन उजव्या पायावर गेलेलं असावं. भिंतीला एक हात लावून नुसतं पाऊल उचलायचा सराव आधी करा.

तळहात मांडीला लागताक्षणी उचला. ढोलपथकातल्या मंडळींचा हात इथे रेंगाळतो, मग आवाज बसका येतो. जाड जीन्सही आवाज खाते, अंगासरशी सुती पँट बरी. तिकडे चामड्याची आखूड विजार वापरतात आणि तिचा आवाज खणखणीत असतो. पारंपरिक वेश टिकावा म्हणून १८८३ साली बव्हेरियातल्या बायरिशझेल गावात शिक्षक योसेफ फोगल यांनी संस्था काढली होती.

बूट लेसचे, चामडी तळाचे घ्या. कोल्हापुरी पाचव्या मात्रेलाच निसटेल. गुळगुळीत टाइल्सवर चामडं घसरतं, म्हणून गच्चीवरची कोरडी शहाबादी फरशी चांगली. अंगठ्या काढून ठेवा. दोन्ही बाजू १०० च्या गतीला न अडखळता जमल्या की मगच आधाराच्या पायावर उडी घ्यायला लागा.