आरसी ट्रक बंद पडला? ईएससीला दोष देण्याआधी एवढं तपासा

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक मैदानात मध्येच थांबला की आजूबाजूच्या सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं, "ईएससी गेला." (ईएससी म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते सांभाळणारा बोर्ड.) मग नवीन ईएससी मागवायचा, आठवडाभर वाट बघायची, लावायचा आणि ट्रक तसाच मख्ख. चोर सोडून संन्याशाला फाशी. ईएससी जळतो, नाही असं नाही, पण त्याच्या आधी बॅटरीचा कनेक्टर, स्विच, सर्व्होची (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरची) वायर, रिमोटचं ट्रिम (न्यूट्रलची जागा सरकवायचं बटण) असल्या बारक्या गोष्टी दगा देतात. म्हणून करंट ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं चेक करत जायचं, बॅटरीपासून मोटरपर्यंत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मी इथं १/१० साइजचा ब्रश मोटरवाला ट्रक धरतोय, ५४० किंवा ५५० साइजची मोटर, ईएससी वेगळा, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) वेगळा, स्टिअरिंगला एक सर्व्हो. स्वस्तातल्या ट्रकमध्ये रिसीव्हर आणि ईएससी एकाच बोर्डावर असतात, तिथं मधल्या काही टेस्ट जमणार नाहीत, पण क्रम हाच ठेवा. हाताशी साधा मल्टीमीटर, सोल्डरिंग गन आणि चार एए सेल बसतील असा डबा असला की पुरे.

सगळ्यात आधी ट्रक एखाद्या खोक्यावर ठेवा, चारही चाकं हवेत पाहिजेत. चालू करताना रिमोट आधी, बंद करताना ट्रक आधी. हे उलटं केलं की कधीतरी ट्रक टेबलावरून सुसाट सुटतो आणि मग इलेक्ट्रिकलचं सोडून बंपर दुरुस्त करत बसावं लागतं.

आता बॅटरी. २ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) फुल चार्ज असेल तर ८.४ व्होल्ट दाखवते, म्हणजे एका सेलला ४.२. पण नुसता टोटल बघून समाधान मानू नका, बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलशी जोडलेला छोटा प्लग) मीटर लावून दोन्ही सेल वेगवेगळे बघा, कारण एक ४.१ आणि दुसरा ३.४ असला तर टोटल ७.५ येतो, जो तसा बरा वाटतो, आणि थ्रॉटल दाबला की तो कमजोर सेल खाली बसतो. पॅक फुगलेला असेल तर विषय संपला, तो चार्जरला लावायचाच नाही.

बॅटरी ठीक असेल तर कनेक्टर. इथं थोडा वेळ घालवा, कारण बहुतेक भानगडी इथंच सापडतात. हीटश्रिंक (जोडावरची प्लास्टिकची नळी) मागं सरकवा आणि सोल्डर नीट बघा. चांगला जोड चकचकीत आणि गुळगुळीत दिसतो, कच्चा जोड राखाडी, दाणेदार, आणि कधीकधी वायरच्या निम्म्या तारा तुटून बाकीच्या मूठभर तारांवर सगळा कारभार चाललेला असतो. मीटर ठेवला तर व्होल्टेज पूर्ण दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही! म्हणून टेस्ट अशी करा: मीटर डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या बाजूच्या प्लस सोल्डरवर, दुसरा ईएससीच्या बाजूच्या प्लस सोल्डरवर, आणि कुणाला तरी थ्रॉटलला छोटे झटके द्यायला सांगा. आकडा जवळपास शून्यच राहिला पाहिजे. अर्धा-पाऊण व्होल्ट दाखवला तर चोर सापडला. मायनसलाही असंच करा. नवीन कनेक्टर लावताना बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम उघड्या करू नका, एक पूर्ण करून झाकायची, मगच दुसरी.

पुढं रिसीव्हरचा लाइट बघा. रिसीव्हरला स्वतःची बॅटरी नसते, ईएससीतला बीईसी साधारण ५-६ व्होल्ट बनवतो आणि ते थ्रॉटलच्याच प्लगमधून रिसीव्हरला आणि तिथून सर्व्होला जातात. लाइटच नसेल तर ईएससीचा छोटा स्विच हलवून, दाबून बघा, मातीनं तो हमखास अडकतो. तरीही अंधार असेल तर ईएससीचा प्लग काढा आणि एए सेलच्या डब्याचा करंट रिसीव्हरच्या बॅटरी पोर्टला द्या, प्लस-मायनस मात्र दोनदा तपासून. लाइट लागला आणि स्टिअरिंग वळलं तर रिसीव्हर निर्दोष, बीईसी किंवा स्विच गेलाय. लाइट नुसता ब्लिंक होत असेल तर बहुतेक बाइंडिंग (रिमोट आणि रिसीव्हरची जोडी) सुटलंय, ते परत करा.

स्टिअरिंग चालतंय पण ट्रक हलत नाही, ही सगळ्यात कॉमन तक्रार. आधी थ्रॉटल ट्रिम मध्यावर आणा. न्यूट्रल सरकलेलं असेल तर बरेच ईएससी आर्मच (चालायला तयारच) होत नाहीत, नुसते बीप करतात, आणि माणूस मोटर उघडून बसतो. मग ईएससी कॅलिब्रेट करा (फुल पुढं, फुल ब्रेक, न्यूट्रल यांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो). तरी नाही तर प्लगची अदलाबदल: सर्व्हो चॅनल २ ला, ईएससी चॅनल १ ला. आता स्टिअरिंगचं चाक फिरवल्यावर मोटर फिरली तर ईएससी आणि मोटर दोन्ही ठणठणीत, घोळ रिसीव्हरच्या चॅनल २ मध्ये किंवा रिमोटच्या ट्रिगरमध्ये आहे. नाही फिरली तर मोटरच्या दोन वायरी ईएससीपासून सोडवा आणि तोच एए सेलचा डबा थेट मोटरला क्षणभर लावा. फिरली नाही तर ब्रश (मोटरच्या आतले करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत किंवा अडकलेत. फिरली, तर आता कुठं ईएससीवर संशय घ्यायला हरकत नाही.

(ब्रशलेस मोटरला ही डब्याची टेस्ट चालत नाही. तिथं तीन वायरींपैकी एक जरी सुटली तरी मोटर फिरायच्या ऐवजी जागेवर थरथरते, तर आधी तिन्ही बुलेट कनेक्टर बघा.)

ट्रक चालता चालता क्षणभर मरतो आणि परत जिवंत होतो, तेही जोरात स्टिअरिंग वळवलं की? हा ब्राउनआउट. २५ किलो ताकदीचा दणकट सर्व्हो टाकलेला असतो आणि बीईसी असतो २ अँपिअरचा, सर्व्हो अडला की व्होल्टेज कोसळतं आणि रिसीव्हर रीसेट होतो. वेगळा बीईसी बसवा, पण मग ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढून टेप लावायची, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. सर्व्हो उगाच थरथरत असेल तर मोटरवरचे १०४ लिहिलेले छोटे कपॅसिटर तुटलेत का तेही बघा.

दहा मिनिटं चालून बंद, थंड झाला की परत चालू, असं असेल तर हीट. पिनियनमध्ये (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) खडा, नाहीतर पिनियनच मोठा. आणि फुल बॅटरीवर लगेच दम तोडत असेल तर जंपर (ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायची छोटी पिन) बघा, निकेलची बॅटरी लावून ईएससी लायपो मोडवर असला की तो लवकर कट मारतो. उलटं झालं तर जास्त वाईट, कारण लायपो लावून जंपर निकेलवर राहिला तर ईएससी वेळेवर थांबवत नाही आणि सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन पॅक कायमचा मरतो.

एवढं करूनही ईएससीच निघाला तर नवीन घेताना ब्रश की ब्रशलेस, किती सेल चालतात आणि बीईसी किती अँपिअरचा आहे हे तीन बघून घ्या, कनेक्टर वेगळा असला तरी चालतो, तो बदलता येतो.