डेटाबेसची टेबले आखताना या चुका टाळा

दादरमधील गृहनिर्माण संस्थेची मेंटेनन्सची बिले आणि लालबागमधील मसाल्याच्या दुकानाची विक्री यांसाठी टेबलांचा एकच साचा वापरू नये. कोणती माहिती बदलते आणि बदलल्यावर जुनी नोंद कशी दिसायला हवी, हे आधी ठरवावे.

संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वाधिक त्रास देणारी चूक म्हणजे सदनिका क्रमांक, मालकाचे नाव आणि थकबाकी एकाच टेबलात ठेवणे. सदनिका विकली गेली की नाव बदलले जाते आणि मागील सर्व बिले नव्या मालकाच्या नावावर दिसू लागतात. थकबाकी मूळ कोणाच्या काळातली, हे मग डेटाबेसमधून सांगता येत नाही. म्हणून सदनिका आणि सभासद यांची टेबले वेगळी ठेवून, मालकी कधीपासून कधीपर्यंत होती हे सांगणारे तिसरे टेबल त्यांना जोडावे. चालू मालकाच्या नोंदीत शेवटची तारीख नल (म्हणजे रिकामी) राहते आणि बिलाच्या तारखेवरून त्या वेळचा मालक शोधता येतो.

दुकानात नेमकी उलट चूक होते. पुनरावृत्ती नको म्हणून दर फक्त मालाच्या टेबलात ठेवला, तर मिरचीचा भाव वाढताच गेल्या महिन्याच्या बिलाची बेरीजही वाढते. विक्रीच्या वेळचा दर ही स्वतंत्र माहिती आहे. ती बिलाच्या प्रत्येक ओळीत लिहिलीच पाहिजे, आणि नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे एकच माहिती दोनदा न साठवण्याच्या, नियमांना त्याने मुळीच बाध येत नाही.

रकमेसाठी फ्लोट हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार वापरू नये, कारण त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही; दशांश अचूक साठवणारे डेसिमल वापरावे. दूरध्वनी क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा, अन्यथा ०२२ मधले पहिले शून्य गळते.

टेबले नीट विभागूनही सॉफ्टवेअर मंद चालत असेल, तर ती पुन्हा एकत्र करण्यापूर्वी डेटाबेस माहिती कशी शोधतो हे दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा चालवून पाहावी. पोस्टग्रेस हा डेटाबेस फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या, रकान्यावर आपोआप इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बनवत नाही (मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवण इंजिन बनवते), आणि बहुतेकदा अडचण तिथेच सापडते. वर्षानुवर्षांच्या विक्रीचे अहवाल मात्र रोजच्या टेबलांवर चालवू नयेत; त्यांच्यासाठी रात्री भरली जाणारी वेगळी सारांश टेबले ठेवावीत, म्हणजे गर्दीच्या वेळी गल्ल्यावरचे बिल अडणार नाही.