शेतीच्या ट्रॅक्टरची आयात: टॅरिफ कोडसाठी कोणती तयारी कधी करावी

परदेशातून शेतीचा ट्रॅक्टर मागवायचा ठरला की गोव्यातील बहुतेक विक्रेते आणि शेतकरी गट आधी किंमत ठरवतात, मग जहाज ठरवतात आणि टॅरिफ कोडचा, म्हणजे सीमाशुल्काचा दर ठरवणाऱ्या वर्गीकरण क्रमांकाचा, विषय माल बंदराला लागल्यावर सीएचएच्या (सीमाशुल्क दलालाच्या) टेबलावर ठेवतात. हा क्रम उलटा आहे. कोड मालाच्या रचनेवरून ठरतो, पण रचना तशीच आहे हे सिद्ध करणारा कागद कारखान्यातूनच यावा लागतो, आणि पैसे चुकते झाल्यावर परदेशी विक्रेता कॅटलॉगचे एखादे पान शोधून पाठवण्याची घाई करत नाही. वास्कोत आयातीची कागदपत्रे करताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून ही यादी ऑर्डर देण्याच्या आधीच्या दिवसापासून सुरू होते. २०११ पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वर्गीकरण आणि शुल्काची आकारणी प्रथम आयातदारानेच करायची असते, तेव्हा चुकीच्या कोडची जबाबदारीही प्रथम त्याच्याकडेच येते.

सर्वांत आधी आपण मागवत आहोत ते यंत्र टॅरिफच्या अर्थाने ट्रॅक्टर आहे का, हे कागदावर निश्चित करावे. सीमाशुल्क टॅरिफ अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत ट्रॅक्टर ८७०१ या चार आकडी शीर्षकाखाली येतात आणि प्रकरण ८७ ची टीप २ त्यांची व्याख्या देते: दुसरे वाहन, अवजार किंवा भार ओढण्यासाठी वा ढकलण्यासाठीच मुख्यतः बांधलेले वाहन, मग त्या मुख्य कामाच्या जोडीने हत्यारे, बियाणे, खत वाहून नेण्याची दुय्यम सोय त्यात असो वा नसो. या वाक्यातला ‘मुख्यतः बांधलेले’ हा शब्दप्रयोग सगळ्यांत वजनदार आहे. शेतात चालते, चाके आहेत, बसायला सीट आहे, एवढ्यावरून कोणतेही यंत्र ट्रॅक्टर होत नाही. भाताची रोपे लावणारे स्वयंचलित यंत्र ८४३२ मध्ये जाते, कापणी-मळणी एकत्र करणारे कंबाइन ८४३३ मध्ये जाते, आणि लोडर व बॅकहो ज्याच्या सांगाड्याचाच भाग आहेत असे यंत्र ८४२९ कडे जाते. म्हणून कारखान्याकडून यंत्राच्या बांधणीचे वर्णन, ड्रॉबारची आणि थ्री-पॉइंट लिंकेजची (भार ओढण्याच्या आणि अवजार जोडण्याच्या मागच्या दांड्यांची) माहिती, पीटीओचा (इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचा) तपशील आणि चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे ऑर्डरपूर्वीच मागून घ्यावीत.

आपल्याकडे या टप्प्यावर पॉवर टिलरचा प्रश्न हमखास येतो. खाजन म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतीतली ओली, जड माती, अरुंद मेरा (बांध) आणि तुकड्या-तुकड्यांची जमीन पाहता चार चाकांच्या मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा हातात धरून चालवायचे यंत्र शेतकऱ्याला सोयीचे वाटते, आणि ते बरोबरही आहे. पण टॅरिफमध्ये दोन दिसायला सारख्या यंत्रांची वाट वेगळी होते. एकाच आसाचा, दोन मुठींनी वळवायचा, पीटीओवर निरनिराळी अवजारे जोडता येतील असा छोटा ट्रॅक्टर ८७०१ १० मध्ये एकआसी ट्रॅक्टर म्हणून बसतो. ज्यात इंजिन आणि माती फिरवणारी पाती मिळून एकच यंत्र बनलेले आहे आणि पाती काढली तर यंत्राला कामच उरत नाही, ते ८४३२ मधील मशागतीचे यंत्र ठरते. हा फरक शुल्कापुरता नाही. जुलै २०२० मध्ये पॉवर टिलर आणि त्याचे भाग यांची आयात मुक्त यादीतून काढून मर्यादित यादीत टाकण्यात आली, म्हणजे परवान्याशिवाय मागवलेली खेप बंदरात अडकते. त्यामुळे पाती सुटी होतात का, त्यांच्या जागी दुसरे अवजार बसते का आणि ते कारखान्याच्या अवजारांच्या यादीत आहे का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र ८७०१ मध्ये बसते हे ठरल्यावर सहा आकडी उपशीर्षकाकडे वळावे, आणि तेही क्रमाने. आधी एकआसी आहे का, अर्ध-ट्रेलर ओढणारा रस्त्यावरचा ट्रॅक्टर आहे का, साखळपट्ट्यांवर चालणारा आहे का, हे पाहावे. साखळपट्ट्यांचा ट्रॅक्टर कितीही अश्वशक्तीचा असला तरी ८७०१ ३० मध्येच जातो. या तिन्हींपैकी काहीच नसेल तरच इंजिनाच्या शक्तीची पायरी लागते, जी २०१७ पासून किलोवॅटमध्ये मांडलेली आहे: १८ किलोवॅटपर्यंत ८७०१ ९१, १८ च्या वर ३७ पर्यंत ८७०१ ९२, ३७ च्या वर ७५ पर्यंत ८७०१ ९३, ७५ च्या वर १३० पर्यंत ८७०१ ९४ आणि त्यापुढे ८७०१ ९५.

शक्तीच्या या आकड्यावर थोडा जास्त वेळ खर्च करणे योग्य आहे, कारण बाजारात कोणीही किलोवॅट बोलत नाही. आपण ‘पन्नासचा ट्रॅक्टर’ म्हणतो, पण ते पन्नास कोणते हे विचारत नाही. ब्रिटिश हॉर्सपॉवर धरली तर ५० म्हणजे सुमारे ३७.३ किलोवॅट होतात आणि ट्रॅक्टर ८७०१ ९३ मध्ये जातो. जपानी आणि युरोपीय कॅटलॉगात आढळणारी पीएस ही मेट्रिक अश्वशक्ती धरली तर तेच ५० म्हणजे सुमारे ३६.८ किलोवॅट होतात आणि ट्रॅक्टर ८७०१ ९२ मध्ये राहतो. माझ्या हातून गेलेल्या एका खेपेत इन्व्हॉइसवर ५० एचपी, कॅटलॉगात ५० पीएस आणि इंजिनावर रिव्हेट केलेल्या पाटीवर ३६.८ किलोवॅट असे लिहिलेले होते. माल एकच होता, पण कागद तीन गोष्टी सांगत होते, आणि कारखान्याचा खुलासा येईपर्यंत कंटेनर उभा राहून त्याचे भाडे वाढत गेले. दोन्ही उपशीर्षकांवर त्या दिवशीचा दर सारखा असला तरी कोड चुकीचा लागतोच, आणि मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर दुसरा कोड असेल तर व्यापार कराराखालची शुल्क सवलतही धोक्यात येते. म्हणून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि कॅटलॉग या तिन्हींवर शक्ती किलोवॅटमध्येच लिहून घ्यावी. टॅरिफ इंजिनाची शक्ती विचारते, पीटीओवर मिळणारी शक्ती नव्हे. पीटीओचा आकडा नेहमीच कमी असतो आणि विक्रीच्या पत्रकात तोच ठळक छापलेला असू शकतो, तेव्हा कोणता आकडा कशाचा आहे हे पडताळूनच पुढे जावे.

ट्रॅक्टरबरोबर येणाऱ्या अवजारांसाठी टीप २ चा पुढचा भाग लक्षात ठेवावा. अदलाबदल करण्याजोगी अवजारे ट्रॅक्टरबरोबर आली, किंबहुना त्याला जोडूनच आली, तरी ती आपापल्या शीर्षकातच राहतात. नांगर, डिस्क हॅरो, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र ८४३२ मध्ये, फवारणी यंत्र ८४२४ मध्ये आणि मागे जोडायची ट्रॉली ८७१६ मध्ये. विक्रेत्याने ‘ट्रॅक्टर संच’ म्हणून एकच किंमत लावली असेल तर ते इन्व्हॉइस स्वीकारू नये. प्रत्येक अवजाराची स्वतंत्र ओळ, स्वतंत्र नग, स्वतंत्र वजन आणि स्वतंत्र किंमत मागावी. नंतर आपल्या मनाने केलेली किमतीची विभागणी अधिकाऱ्यासमोर टिकवणे फार कठीण असते.

कंटेनरमध्ये मावावा म्हणून चाके, केबिन किंवा छत काढून पाठवलेला ट्रॅक्टर ट्रॅक्टरच राहतो, कारण टॅरिफच्या अर्थनिर्णयाच्या सर्वसाधारण नियमांतील नियम २(अ) सुटी करून पाठवलेली वस्तूही पूर्ण वस्तूसारखीच मानतो. पॅकिंग लिस्टमध्ये कोणत्या पेटीतले काय कोणत्या ट्रॅक्टरचे आहे हे चेसिस क्रमांकासह यावे, एवढी काळजी पुरे.

सुट्या भागांची खेप मात्र वेगळी आणि किचकट आहे. ‘ट्रॅक्टर पार्ट्स’ एवढे लिहून सगळे ८७०८ मध्ये टाकण्याची सवय महागात पडते. प्रकरण ८७ ज्यात येते त्या विभाग सतराच्या टिपा काही भाग स्पष्टपणे बाहेर काढतात. डिझेल इंजिन ८४०८ मध्ये, हायड्रॉलिक पंप ८४१३ मध्ये, फिल्टर ८४२१ मध्ये, शेतीच्या वाहनांचे नवे टायर ४०११ ७० मध्ये आणि नटबोल्ट त्यांच्या धातूच्या प्रकरणात जातात. गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर यांसारखे भागच ८७०८ मध्ये राहतात. ‘केवळ किंवा मुख्यतः’ त्या वाहनासाठी वापरला जाणारा भाग कोणता, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर प्रकरणात निर्णय दिला आणि त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने मोटारींच्या भागांबाबत सूचना काढली. भागांची यादी मोठी असेल तर हे दोन्ही वाचूनच कोड लावावेत.

जपान, कोरिया किंवा आसियान देशांतून माल येत असेल आणि कराराची सवलत घ्यायची असेल, तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावरील सहा आकडी कोड आपल्या कोडशी जुळवून घ्यावा. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कॅरोटार (मूळ देशाच्या पडताळणीच्या) नियमांप्रमाणे मूळ देशाविषयीची माहिती आयातदाराकडे आधीच असावी लागते, केवळ प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. सवलतीच्या अधिसूचनेचा अर्थ काटेकोर लावला जाईल आणि आपण तीत बसतो हे दाखवण्याचा भार आपल्यावरच राहील, हे सर्वोच्च न्यायालयात दिलीपकुमार अँड कंपनी प्रकरणात २०१८ साली ठरले आहे.

इतके करूनही शंका उरली तर आगाऊ निर्णय, म्हणजे कोडबद्दल प्राधिकरणाचा आयातीआधीचा निर्णय, घ्यावा. मुंबई आणि नवी दिल्ली येथे त्यासाठी प्राधिकरणे आहेत, अर्जाची फी १०,००० रुपये आहे, निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो काही वर्षे चालतो. अर्ज आयातीपूर्वीच करावा लागतो. पावसाआधी ट्रॅक्टर शेतात हवा असेल तर ही तयारी दिवाळीच्या सुमारास सुरू व्हायला हवी. त्याच वेळी आयात धोरणातील बंदराची अटही पाहावी, कारण नव्या वाहनांना ठराविक बंदरांतूनच प्रवेश असतो आणि मुरगांव बंदर घराजवळ आहे म्हणून माल तिथे उतरवता येईल असे गृहीत धरता येत नाही. वापरलेल्या यंत्राच्या अटी याहून कडक आहेत.

शुल्काचा हिशेब बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्काकडे द्यायचे आयातीचे विवरण) भरण्याच्या दिवशीच्या दराने मांडावा, आणि ते जहाजाच्या आवक नोंदीआधी भरले असेल तर त्या नोंदीच्या दिवशीच्या दराने. मूल्यावर मूळ सीमाशुल्क, मूळ शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक कर (आयातीवरचा जीएसटी), असा तो क्रम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुना तक्ता वापरू नये. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे लागते, उशिराला दंड आहे. तपासणीच्या दिवशी आपला माणूस कापड आणि टॉर्च घेऊन कंटेनरपाशी हजर असावा, कारण प्रवासात इंजिनाच्या पाटीवर तेल आणि धूळ बसते आणि अधिकाऱ्याला किलोवॅटचा आकडा वाचता आला पाहिजे. त्या पुसलेल्या पाटीचे छायाचित्र, कारखान्याची पत्रे आणि कॅटलॉगची वापरलेली आवृत्ती एकाच फाइलमध्ये पाच वर्षे जपावी. पुढची ऑर्डर देताना ती फाइल उघडावी, पण १ जानेवारी २०२८ पासून आपले टॅरिफ कोड ज्यावर बेतलेले आहेत त्या जागतिक सुसंवादी पद्धतीची (एचएसची) नवी आवृत्ती लागू होणार असल्याने तिच्यातला कोड त्या दिवशीच्या टॅरिफशी ताडूनच उतरवावा.